धगपूरचा कायदा

बपेरा,
दि. २ नोव्हेंबर २०२५

चि. ज्योत्सना हिस आजी सखाबाईचा आशीर्वाद. वि. वि.

तुझी वाळूच्या राज्याची गोष्ट भेटली. वाचाले मले दोन दिवस लागले. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, सुधार. वसतिगृहात मोबाईल चालत नाही ते बरंच आहे.

तुझ्या धगपुरात नदी नाही, पाऊस नाही, अन् पोरगं जन्मलं की हातात तलवार देतात. मग लढतात कायच्यासाठी? रेतीसाठी? रेती तर आपल्या घाटावरून रोज ट्रकभर जाते, तलवार कोणी काढत नाही. अन् त्या सरदाराची करंगळी वाकडी, झोपेत घोरते म्हणतेस. मी आंधळी नाही. तो माहा लिलाधर आहे, तुझा बाप. दुबईकडे वाळवंटात क्रेन चालवाले गेला, लढाईले नाही.

पोळ्यापासून त्याचा फोन नाही, हे खरं. तुझी माय रंजू मोबाईल चार्ज करून उशाशी ठेवते. पण चार पुनवा जो परतला नाही त्याची तलवार वितळवायची, नाव घ्यायचं नाही, हा कायदा काहून केला? इकडे तुझा कैलाशकाका लिलाधरचं मासळीचं जाळं मागून राहिला. खुंटीवर उंदीर कुरतडतील म्हणते. हाकलून दिला त्याले.

चादर पाठवली. गोष्टीनं ऊब येत नाही. पोटभर भात खात जा, लोभ आपोआप राहील.

आजी

साकोली,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस ज्योत्सनाचा शि. सा. न. वि. वि.

चादर मिळाली. माझ्या खोलीतली मोना म्हणाली, मासळीचा वास येतो. मी म्हटलं, तो वास नाही, आमचं घर आहे.

आजी, कायदा मी मुद्दाम नाही केला. मोनाचे काका असेच दूर कामाला गेले, आधी फोन थांबला, मग ते आलेच नाहीत. ती म्हणते, इतके दिवस झाले की समजून घ्यायचं. म्हणून राजाने तसा कायदा केला. येत्या पुनवेला तलवार भट्टीत टाकतील. मला तसं लिहायचं नाही, पण दुसरं सुचत नाही. तुला सुचलं तर लवकर कळव. तोवर मी भट्टी पेटवत नाही.

मायला नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे.

ज्योत्सना

बपेरा,
दि. १७ नोव्हेंबर २०२५

चि. ज्योत्सना हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझा राजा येडा आहे. त्याले आपल्या तलावावरची रीत सांग. माणूस नाही आला तरी त्याचं जाळं पाण्यात असलं, की मासळीत जाळ्याचा वाटा निघते, तो त्याच्या घरी जाते. माणूस खाटेवर आहे का परमुलखात, कोणी विचारत नाही.

मी कैलाशले बोलावून लिलाधरचं जाळं दिलं. म्हटलं, हात तुझा, नाव त्याचं. संध्याकाळी वाटणीत त्याचं नाव पुकारलं, सगळ्यांनी ऐकलं. हातभर रोहू आला. रंजूनं रस्सा केला, अन् किती दिवसांनी दुसऱ्यांदा भात घेतला. मीही खाल्ला. लिलाधरसाठी ठेवला नाही. घरात मांजर आहे.

तेव्हा तलवार वितळवू नको. दुसऱ्याच्या हाती देऊन लढाईले पाठव, वाटा घरी आण.

जाळ्याले मोठं भोक पडलं. कैलाश शिवून देतो म्हणे, मी नाही म्हटलं. लिलाधरची गाठ वेगळी असते. ज्याचं जाळं त्यानं येऊन शिवावं. तोवर तेवढ्यातून मासळी जाते ती जाऊ दे.

आजी