काचेऐवजी वाख

५ फेब्रुवारी
भगवानच्या हातांवर परत चट्टे. या खेपेला कोपरापर्यंत. इस्लामपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहूनच दिलं, काचेचं काम बंद. अकरा वर्षं माझ्या शेडमध्ये काचेच्या धाग्यांची मॅट कापतोय, साच्यावर रेझिनमध्ये बसवतोय, वाळला माल घासतोय. दुसरं काम त्याला येत नाही. मला तरी कुठं येतं? फौजेतून आलो आणि हेच धरलं.
"मला काडू नगा, फौजी."
काढतोय कोण! पण ठेवू कुठल्या कामावर?

९ फेब्रु.
लोणंदच्या कारखान्याला आम्ही पंपाच्या स्टार्टर-पेट्यांची झाकणं देतो. तिथल्या साहेबांना विचारलं, काचेऐवजी घायपाताचा वाख, दोराचा धागा, घातला तर? वाटलं होतं हसतील. हसले नाहीत. नमुना आणा म्हणाले, पाण्यात बुडवून बघू. जमलं तर भ.ला तेच काम. नाही जमलं तर...

१४ फेब्रु.
कोरेगावहून भ.ची मावशी आली, हिराकाकी. जन्मभर दोर वळलेली बाई. आमच्याच बांधावरचा घायपात. पानं चेचली, वाख काढला, धुतला, विंचरला, जुड्या बांधल्या. आम्ही दोघं नुसतं बघत. उरलेला चोथा खताच्या खड्ड्यात गेला. शेडमागं काचेच्या कातरणाची पोती पडलीत. जळत नाहीत, कुजत नाहीत, भंगारवालाही नेत नाही. शेजारचा ऊसवाला येता-जाता तोंड वाकडं करतो, आणि त्याचं बरोबर आहे. घायपाताला ना पाणी, ना खत. काच वितळवायला भट्टी पेटती ठेवावी लागते.
रेझिन मात्र तेच, डब्यातलं रसायन. उगाच जगाचं भलं केल्याचा आव नको.

१८ फेब्रु.
पहिली तीन झाकणं. तिन्हींवर फोड. एक तर पुरीसारखं फुगलं. रेझिनचं माप चुकवलंस म्हणून भ.वर ओरडलो.

१९ फेब्रु.
माप बरोबरच होतं. काकी जुडी हातात देण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडतात! विचारलं तर माझ्यावरच डाफरल्या.
"आवं, कोरडा वाख कवा वळतोय व्हय? हात कापतोय त्यो."
दोराला पाणी लागतंच. रेझिनला थेंब चालत नाही. चार दिवस डोळ्यांसमोर शिंपडत होत्या आणि मला खटकलं नाही, कारण लहानपणापासून हेच बघितलेलं. भ.ची माफी मागायची होती. चहा पाजला, तेवढंच जमलं.

२४ फेब्रु.
वाख दोन दिवस पत्र्यावर कडक उन्हात. काकी लांब बसून बडबडत होत्या, वाया घालवला म्हणून. झाकण निघालं गुळगुळीत, काचेच्या झाकणापेक्षा हलकं. भ.नं ते घासलं आणि मग स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत बसला. नवा चट्टा नाही.
"लय ब्येस झालं, फौजी."
मलाही फार आनंद झाला. लिहायला लाज कसली?

४ मार्च
लोणंद. झाकण पाण्यात टिकलं, जेमतेम. साहेब म्हणाले, आता पावसाळाभर उघड्यावर ठेवून बघू, मग ऑर्डरचं बोलू. त्यांचंही चूक नाही, विजेचा मामला. निघताना म्हणाले, काचेची झाकणं मात्र या महिन्यात दुप्पट लागतील. मी हो म्हणून आलो. येताना रस्ताभर स्वतःवर चिडलो.

५ मार्च
भ.ला सगळं सांगितलं. पावसाळा संपेपर्यंत घरी राहा, तुझी जागा कुठं जात नाही. त्यानं ऐकून घेतलं.
"आन् येवडी झाकणं कोन करनार?"
त्यानं रबरी हातमोजे चढवले, वर मनगटाशी चिंध्या बांधल्या, टेबलावर काचेची मॅट पसरली. मी नको म्हणायला हवं होतं.
त्यानं कात्री मागितली. मी दिली.