न पोहणारा मासा

अटलांटा, ४ मार्च २००६

ती. दादास, शरयूचा नमस्कार.

मी मजेत आहे. वजनही वाढलंय, आईला सांग.

माझ्या अभ्यासातला मासा समुद्राच्या तळावर हातांसारख्या परांनी चालतो. जगात थोडेच उरलेत. दोन वर्षं व्हिडिओ बघून त्याची पावलं मी मोजली, आणि तो प्रत्यक्ष बघायला प्रोफेसरांनी टास्मानियाला पाठवलं माझ्याबरोबरच्या चैत्रालीला! का, तर तिला पोहता येतं. माझा नुसता जळफळाट झालाय.

खरं तर मी तुझ्यावरच जळते. आप्पांनी तुला विहिरीत पोहायला शिकवलं, तेव्हा मी काठावर तुझे कपडे सांभाळत बसले होते.

तुझी आश्लेषा सात वर्षांची झाली ना? या उन्हाळ्यात तिलाही विहिरीत उतरव. कपडे राहू देत काठावर. कोणी पळवत नाही.

तुझी,
शरयू