मापांची पिशवी

जुन्नर,
रविवार दुपार

प्रिय रिद्धी,

फोन असताना पत्र कशाला, असं तू पाकीट बघून म्हणशील. पण फोनवर तू माझं दुसरं वाक्य कधी पुरं होऊ देत नाहीस. आधी "मम्मी बरी आहे ना?" विचारतेस, मी बरी म्हटलं की "खरं सांग" म्हणतेस, आणि मग तुला रडू येतं किंवा मला. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही. तेव्हा निवांत बस आणि आधी एवढंच वाच, काकू बऱ्या आहेत. हे लिहिण्याआधी मी दोन-दोनदा खात्री करून घेतली आहे. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

पुढच्या रविवारी तू गाडी घेऊन त्यांना पुण्याला न्यायला येणार आहेस. चैत्रातल्या त्या दिवशी तू हे ठरवलंस, आणि तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी कॉलेजचं ग्रंथालय बंद करून मी घरी आले, वर माझ्या खोलीत जाण्याआधी खाली तुमच्याकडे डोकावले, तर काकू स्वयंपाकघरात फरशीवर बसलेल्या. पडल्या नव्हत्या. तांदूळ निवडायला खाली बसल्या आणि नंतर उठताच येईना. दुपारपासून तशाच होत्या. वेळ जाईना म्हणून काढलेले खडे पुन्हा तांदळात मिसळून त्यांनी सगळे तांदूळ परत निवडले होते. मला बघून म्हणाल्या, "आलीस? हात दे बेटा. आणि रिद्धीला काही बोलू नकोस." मी तुला सांगितलं. त्याच फोनवर तू म्हणालीस, स्वतःच्या घरात जमिनीवरून जिला उठता येत नाही, तिला मी एकटं ठेवणार नाही. दिवाळी झाली की घराला कुलूप.

त्यानंतर आपण सगळ्यांनी मिळून काय केलं, ते आठव. त्यांना खुर्ची आणली. भांडी घासायला बाई लावली. शेजारचे लोक "जतनबाई, तुम्ही बसा" म्हणत दूध-भाजी दारात आणून देऊ लागले. जैन स्थानकात त्या वर्षानुवर्षं बायकांच्या रांगेत खाली बसून सामायिकाचा ध्यान-जप करायच्या, तिथंही मागच्या भिंतीला त्यांच्यासाठी खुर्ची लागली. मानानं बसवता बसवता त्यांचे पाय आणखीच निकामी होत चालले होते. मोहिनी मॅडमनी, म्हणजे तू ज्या फिजिओथेरपिस्टचा नंबर दिला होतास त्यांनी, गुडघे बघून सांगितलं की दुखणं थोडं आहे, अशक्तपणा जास्त आहे. ताकदीचा व्यायाम नेमानं केला तर बराच फरक पडेल.

पण कोणता व्यायाम, यात माझी झोप उडाली. तू पाठवलेलं ते अ‍ॅप मी आधी बघितलं. त्यातली मुलगी पहिल्याच मिनिटाला उड्या मारते आणि नंतर अंडी खायला सांगते. ते बघून काकूंनी मोबाइल पालथा घातला. मग गल्लीतल्या प्रत्येकीनं एकेक व्हिडिओ पाठवला. रोज नवा माणूस, रोज नवा व्यायाम, आणि सगळ्यांच्या मते गुडघेदुखी कायमची जाणार. तुला माहीत आहे, आमच्या घरात वाचता येणारी मी पहिली. लहानपणी द्राक्षांवरच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर मी दादांना वाचून दाखवायचे. एक आकडा चुकला तर बाग जळेल, या भीतीनं सगळं दोनदा वाचायचे. तीच सवय इथं उपयोगी पडली. किती घ्यायचं, कुणी घ्यायचं, कधी वाढवायचं, आणि त्रास झाला तर काय करायचं, हे ज्यावर लिहिलेलं नसे ते औषध दादा घेत नसत. व्हिडिओंमध्ये यातलं काहीच नव्हतं. मोहिनी मॅडमनी दिलेल्या आखणीत सगळं होतं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, भिंतीला रेटणं, जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढ-उतार, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, जमिनीवरची पिशवी नीट वाकून उचलणं. दर आठवड्याला थोडी वाढ, एक दिवस व्यायाम की दुसऱ्या दिवशी सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा सुजलेला दिसला तर थांबायचं आणि विचारायचं, असं ठळक लिहिलेलं. ते वाक्य वाचलं आणि माझं ठरलं.

काकूंना मात्र ते फार साधं वाटलं. "एवढंच? हा तर नमुन्याचा माल झाला. खरा माल कधी दाखवणार?" माझी आई निरगुडसरहून मेथी घेऊन आली होती, ती तर हसायलाच लागली. म्हणाली, "आमी दिसभर शेतात वाकतो, आमाला न्हाई कुनी कागद दिला." काकू म्हणाल्या, "आरतीबाई, तुमचं शेत आहे. माझं दुकान गेलं, मी कुठं वाकू?" मग आईनं हौसेनं एका पायावर उभं राहून बघितलं आणि ओट्यालाच लटकली. "ह्ये लई अवघड हाय," म्हणाली. "येका पायावर कोन उभं ऱ्हातं शेतात, बगळा?" त्या दिवशी काकू कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या.

पिशवीत घालायला वजन हवं होतं. मी डंबेल्स बघत होते, तर काकूंनी मला जिन्याखाली वाकायला लावलं. तिथं पोत्यात तुझ्या वडिलांची, लालचंदकाकांची, दुकानातली लोखंडी मापं होती, वजनाचा इलेक्ट्रिक काटा आल्यापासून पडून राहिलेली. माझ्या शंकेखोर स्वभावाप्रमाणे मी ती समोरच्या दुकानात नेऊन काट्यावर ठेवून बघितली. एवढ्या वर्षांत झिजली असतील तर आखणी चुकायची. एकही झिजलेलं नव्हतं. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "तुझ्या काकांचं माप आहे ते. दुसरं काही निघालं असतं तर मी जेवले नसते."

सगळं सुरळीत चाललं होतं. खुर्चीवरून उठताना होणारा "अरिहंत, अरिहंत" कमी होत गेला. श्रावणात एकदा तुझा फोन आला, बराच वेळ चालला, आणि काकू त्यानंतर मोबाइल हातात धरून तिथंच बसून राहिल्या. काय झालं विचारलं तर "काही नाही, सासरचं" म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांचा उत्साह असा वाढला की मला आनंदच झाला, आणि नंतर काळजी वाटू लागली. पर्युषणाच्या जरा आधी एका सकाळी गुडघा सुजला. आखणीप्रमाणे चाललं असेल तर असं व्हायला नको, म्हणून मी विचारत राहिले. शेवटी त्यांनी कबूल केलं. मी कॉलेजला गेले की सुट्टीच्या दिवशीही त्या सगळा व्यायाम करत होत्या. "दुकान एक दिवसाआड बंद ठेवून कुणाचं चाललंय, अक्षू? शटर खाली दिसलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं." मला हसावं की रडावं कळेना. मोहिनी मॅडमनी सांगितलं की ताकद व्यायाम करताना येत नाही, नंतरच्या विश्रांतीत येते. काकूंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे दूध विरजलं की ढवळायचं नाही." मॅडम म्हणाल्या, "अगदी तेच." तेव्हापासून सुट्टीच्या दिवसाचं नाव आमच्याकडे विरजणाचा दिवस पडलं.

पर्युषणात त्यांनी उपवास केले. त्या दिवसांत व्यायाम बंद, आणि पारणं झाल्यावर एक आठवडा मागं जाऊन सुरुवात करायची, असं मॅडमनी सांगितलं. त्यावरून त्या दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. "चढलेला भाव खाली आणायचा?" पण ऐकलं. तुरीच्या, मुगाच्या डाळी, मटकी, दही, सगळं सूर्य मावळायच्या आत. एक गोष्ट मात्र त्यांनी परस्पर बदलली. पिशवीतली मापं काढून जुन्या मऊ साडीत गुंडाळली आणि ते गाठोडं जमिनीवरून उचलून छातीशी धरायला लागल्या. पिशवीचे बंद हाताला रुततात, म्हणाल्या. मला पटलं. वजन तेवढंच होतं.

आता एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, नाहीतर या पत्रावर तू विश्वास का ठेवावास. तुझ्या घराला कुलूप लागलं तर माझी वरची खोली जाणार. निरगुडसरहून दोन एसट्या बदलून रोज येणं झेपणार नाही, म्हणजे नोकरीही जाणार, आणि घरी स्थळं तयारच आहेत. काकू बऱ्या झाल्या असं मला वाटतंय, की तसं वाटणं मला सोयीचं आहे, हेच मला कळेना. म्हणून मागच्या आठवड्यात शेवटची तपासणी होती, तेव्हा मी आत गेलेच नाही. बाहेर बाकावर बसले. मॅडमना एवढंच सांगितलं, की त्या एकट्या राहू शकतील की नाही ते स्पष्ट सांगा, आणि नाही असेल तर मला सांगू नका, थेट रिद्धीला सांगा. आतून काहीच आवाज येत नव्हता. मग काकूंचा आला, "हात नाही लावायचा, मी उठते." दार उघडून मॅडम म्हणाल्या, "राहू शकतील. व्यायाम मात्र सोडायचा नाही." रिद्धी, मी त्या बाकावरून लगेच उठूच शकले नाही. काकूंनी मला हात दिला.

काल सकाळी त्या स्थानकात गेल्या. भिंतीची खुर्ची तशीच मोकळी ठेवली आणि रांगेत आसन घालून खाली बसल्या. सामायिक झाल्यावर तीन वेळा उठून, बसून वंदना केली. शेजारच्या बाईंनी सवयीनं हात पुढं केला, तर त्यांच्या हातात आपली पुंजणी, ती आसन झाडायची लोकरी झाडणी, ठेवली, म्हणाल्या, "धरायचंच आहे तर ही धरा."

आणि काल संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. दोन वर्षांत काकू माझ्या खोलीत आल्या नव्हत्या. एक हात कठड्याला, दुसऱ्या हातानं ते गाठोडं छातीशी. आल्या, गाठोडं माझ्या कॉटवर ठेवलं, पण आपटलं नाही, खाली हात घालून अलगद ठेवलं. मी विचारलं, मापं वर कशाला आणलीत? म्हणाल्या, "एक हात गुंतला तरी जिना चढता येतो का, बघत होते." मग कॉटवर बसल्या आणि श्रावणातला तुझा फोन सांगितला. मला सांगितलं नाहीस म्हणून मी पाच मिनिटं रुसले. ती पाच मिनिटं त्यांनी गाठोडं सोडण्यात घालवली. दोनचं माप, एकचं आणि दोनशे ग्रॅमचं. तू जन्मलीस तेव्हा लालचंदकाकांनी तुला दुकानातल्या तराजूच्या पारड्यात मऊ कापडावर ठेवून तोललं होतं, दुसऱ्या पारड्यात हीच तीन मापं होती. काका आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगायचे म्हणे, की तेवढा चोख तोल मी परत कधी केला नाही. आई उठू शकत नाही म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी नको, असं तू त्या फोनवर सांगितलंस. तरी तू माहेरीच यावंस, हे त्या तुला फोनवर बोलू शकत नाहीत. त्यांना भीती वाटते, की तू नाही म्हणशील आणि त्यांचा आवाज बदलेल. म्हणून पत्र मी लिहिते आहे, त्या खाली डाळ भिजत घालतायत. तुझ्या डॉक्टरांना आधी विचार, ते प्रवासाला नाही म्हणाले तर काकू स्वतः तुझ्याकडे येतील आणि बाळंतपण उरकून आपल्या घरी परततील. पण ते हो म्हणाले तर येत्या रविवारी गाडी आणू नकोस. सातवा लागला की त्या तुला आणायला येणार आहेत, एसटीनं, मी सोबत आहे. गाठोडं त्यांनी खाली नेलेलं नाही. आता ते माझ्या कॉटवरच राहू दे, म्हणाल्या, तुझं बाळ येईपर्यंत.

तुझीच, आणि आता मावशी व्हायच्या तयारीला लागलेली,
अक्षदा