हत्तीच्या पाठीवरचं आवाळू

अब्बा,

तुमचा हत्ती गेल्या बुधवारी पाडला. मेंदीच्या झुडपाचाच तो, पडायला कितीसा वेळ लागणार. मशीनवाल्याचा चहासुद्धा गार झाला नाही. कारखान्याच्या वसाहतीतली ती बाग नव्यानं करायचं काम माझ्याकडे आलंय आणि नकाशात हत्तीवर लाल फुली मीच मारली होती. हिरवळ काढायची, कापून केलेली जनावरं काढायची, इंदापूरकडच्या माळावरचं गवत, बोरी, हिवर आणायचे. सगळं पाखरांसाठी. साहेबलोकांना पडद्यावर बुलबुलाचा फोटो दाखवला. फोटो छान होता.

तुम्ही त्या बागेत जन्मभर माळी, आणि शाळा सुटली की मी तिथंच दप्तर टाकायची. उन्हाळा लागला की हत्तीच्या पाठीवर पाल्याचा एक गोळा वाढायचा. बाकी हत्ती गुळगुळीत, तेवढीच जागा तुम्ही कापायचा नाही. एक दिवस मोठे साहेब थांबतात. "काय हो, हत्तीला आवाळू आलं काय?" वसाहतीतली पोरं फिदीफिदी हसतात. तुम्ही टोपी सारखी करता. "उतरंल साहेब, म्हैनाभरात." घरी जाताना पिंपळीच्या रस्त्याला सायकलच्या कॅरियरवरून मी विचारलं, "अब्बा, हत्ती हाय का उंट? एवढंबी कापाय येत न्हाय तुमाला?" तुम्ही पायडल मारत राहिलात. चढ संपल्यावर म्हणालात, "तोंड लई चालतंय तुजं. डोळं कवा चालायचं?" त्या ईदेला त्याच हत्तीच्या शेपटीचा पाला अम्मीनं पाट्यावर वाटला. माझ्या हातावर हत्तीचं शेपूट रंगलंय, असं मी वर्गभर सांगत हिंडले. तोंड चालूच होतं.

बुधवारी हत्ती आडवा झाला तेव्हा त्याच्या पाठीतून एक चुंबळ निघाली. घागरीखाली डोक्यावर घेतात तशी, पण तारेची, फांद्यांच्या बेचक्यात घट्ट पिळून बसवलेली. तिच्यात बुलबुलाचं घरटं, यंदाचंच, रिकामं. खाली जुन्या घरट्यांचा भुगा. हल्लीचे माळी तात्या शेजारी उभे होते. "तितं कात्री अडती मॅडम, आत तार हाय. म्हनून आमीबी तेवढं सोडत आलो. दर साली पिल्लं निघत्यात."

"आधी सांगायचं नाही का?"

"सांगनार व्हतो. पन तुमी कागुद बघत व्हता." मग चुंबळ हातात फिरवत म्हणाले, "कुनी बांधली काय म्हाईत. डोकं व्हतं गड्याला."

मी म्हणाले, "असेल कुणीतरी माळी."

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. रडू वगैरे आलं नाही. चुंबळ माझ्या टेबलावर आहे, तिच्यावर चहाचा कप नीट बसतो. पुढच्या महिन्यात बागेचं उद्घाटन. कुणीतरी विचारणारच, मॅडम, निसर्गाकडं बघायची ही दृष्टी कुठून आली? माझं उत्तर कधीचं पाठ आहे: कॉलेज, तिथले सर, मग परदेशात पाहिलेल्या बागा. त्यात तुम्ही कधी नव्हतात. हे पत्र नकाशाच्या गुंडाळीत सरकवण्याआधी ते उत्तर एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

कुठंच अडखळले नाही.