दहा सूचक

२ तारीख, सकाळ
शिवणवर्गाची खोली पाडून तिथे पार्किंग होणार, अशी नोटीस आली. बावीस वर्षांचा वर्ग, चौदा मशिनं. ठरलं. विधानसभा लढवायची, अपक्ष. आमदार झाले की पहिलं काम ही नोटीस रद्द. हे म्हणाले, अगं, झुरळ दिसलं तरी तू मला हाक मारतेस. झुरळाची गोष्ट वेगळी. झुरळ उडतं.

४ तारीख
फॉर्म आणला. दहा सूचक हवेत. शब्दाशी जरा अडले. कॉन्व्हेंटमध्ये मराठी आठवड्यातून दोनच तास. पण सरळ आहे, सूचना देणारे ते सूचक. लोकशाही किती गोड कल्पना आहे! वर्गातल्या दहा जणींकडून एकेक सूचना लिहून घेतली. पाकिटात बंद केल्या, वाचल्या नाहीत. सहावीत मॉनिटर निवडताना मदर अशाच घडी घातलेल्या चिठ्ठ्या टोपलीत घ्यायच्या. मीही उभी होते. भाषणाच्या वेळी सिकरूममध्ये होते. ताप खरा होता.
काजं करणारी आजी, वय ऐंशी, सगळ्यात जास्त वेळ लिहीत होती.

६ तारीख
फॉर्म भरला! दारात बंदूकवाला पोलीस. घाबरले नाही, पायच आपले आपण भराभर चालत होते. फॉर्म आणि पाकीट टेबलावर ठेवून बाहेर. कारकून मागून ओरडत होता, अहो बाई, थांबा, बाई! अभिनंदन करायचं असेल.

संध्याकाळी
अनोळखी नंबर, तीनदा. उचलला नाही. आत्ताच्या आमदारांची माणसं. हे म्हणाले, कशावरून? वाजण्यावरून कळतं.

७ तारीख
दुपारपर्यंत आणखी आठ फोन. मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवला. मग कोणीतरी दार वाजवलं. भोकातून पाहिलं. टोपी, हातात लिफाफा. आत काय असेल ते बघायला मी वेडी नाही. बाथरूममध्ये कडी लावून भाषणाचा सराव केला. विषय, निर्भय स्त्री.
नंतर आजीही आली. अगं मी, काजंवाली! उघडलं नाही. आवाज काढणारेही असतात.

८ तारीख
आज फोन नाहीत. ते घाबरले वाटतं. पण ही शांतता फोनापेक्षा वाईट. ह्यांच्या हातून झाकण पडलं तेव्हा मी टेबलाखाली होते. कानातलं शोधत होते.

१० तारीख
अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. पूर्ण विचार केला. ही माघार नाही, डावपेच आहे. ह्यांचा हात धरून गेले.
कारकून म्हणाला, मागे काय घेणार, बाई? परवाच बाद झाला. सूचक म्हणजे तुमचं नाव सुचवणारे मतदार. त्यांच्या सह्या हव्यात, सूचना नव्हेत! सात तारखेला तीनपर्यंत दुरुस्त झालं असतं. अकरा फोन केले. शिपाई पाठवला, तर म्हणाला, आत कोणीतरी रडतंय.
ते भाषण होतं.
पाकीट परत मिळालं. घरी येऊन चिठ्ठ्या उघडल्या. खोलीला पंखा. मशिनला तेल. एकीला तर फक्त सुट्टी हवी. शेवटची आजीची. काजांसारखी एकसारखी अक्षरं. "बाईंनी घाबरू नये. आणि फोन उचलत जावा."

संध्याकाळी
पिठाच्या डब्यात फोन वाजतोय. आजीच असणार, खोलीचं काय झालं विचारायला. उचलते.
सहा रिंगा झाल्या.
ह्यांना हाक मारली.