फोन डब्यात, टॉवर बंद

मंगळवार, संध्याकाळ. चौबे कॉलोनी.

अजून डोकं तापलेलंच आहे. आज आमच्या मोबाइल कंपनीच्या ऑफिसात ड्रिल होती. वादळात मोबाइलचे टॉवर बंद पडले तर कोण काय करणार, त्याची. दर वेळी सगळे एकमेकांले फोन करतात, जनरेटर चालू झाला म्हणतात, समोसे खातात. झाली तयारी. म्हणून आज मी माझा जेवणाचा स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. म्हटलं, सगळ्यांचे फोन यात टाका. टॉवरच पडल्यावर फोन कुठून लागणार?

मग सिलतराच्या टॉवरवर डिझेल कोण नेणार, कोणालेच ठाऊक नाही. जनरेटरची चाबी कोणाजवळ?

"गार्ड को फोन करके पूछ लेते हैं," साहेब म्हणाले, आणि त्यांचा हात डब्याकडे गेला. मी झाकण लावलं.

"मैडम, ड्रिल ही तो है."

हव, ड्रिलच आहे. म्हणूनच आज फसलो तरी चालते. खऱ्या वादळात कसं चालेल?

निघताना साहेब म्हणाले, रिपोर्टमध्ये ड्रिल यशस्वी लिहा. काहून लिहू? "नापास" लिहिलं आणि पाठवून दिलं. मी जास्त करून राहिली का? नाही. अजिबात नाही.

आता घरी साहेबांचा फोन येऊन राहिला. पुन्हा पुन्हा. माझा मोबाइल घासून ठेवलेल्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. काही सांगायचं असेल तर माणूस पाठवा म्हणावं. घर कोणाले माहीत आहे, तेही कळेल.