माझी विटीदांडू बचाव मोहीम

४ नोव्हेंबर १९७९, रविवार.
शेजारच्या नबीसाबांची लेक जुलेखा कुवेतहून आली. येताना यंत्र आणलंय. साबणाच्या वडीएवढं. आत लाल ठिपके पळतात, बटणं दाबली की पीं पीं. म्हणे फुटबॉल! ना पाय, ना बॉल. साठीचे नबीसाब दिवसभर ओट्यावर पीं पीं करत बसले. मी दोनदा खाकरलो. मान वर केली नाही. वीस वर्षांची दोस्ती!
निर्णय: गल्लीला पुन्हा विटीदांडू शिकवायचा. मी या खेळात लहानपणी एकदाही आऊट झालेलो नाही.

५ नोव्हेंबर.
ऑफिसात नोटीस टाईप केली. 'देशी खेळ बचाव समिती. अध्यक्ष: मी.' टायपिस्ट चनबसप्पाने विचारलं, मेंबर कोण? म्हटलं, अध्यक्ष पक्का असला की मेंबर येतातच.

७ नोव्हेंबर.
आले नाहीत. पहाटेची प्रॅक्टिस थंडीमुळे तहकूब.

८ नोव्हेंबर.
प्रॅक्टिस पुन्हा तहकूब. मुळात कसलेल्या खेळाडूला तिची गरज नसते. बायको विजयमाला म्हणाली, निदान वाकून बघा. बायकांना टेक्निक कळत नाही.

१० नोव्हेंबर.
थोरली बहीण रंभाताई माळशिरसहून डोळे दाखवायला आली. शुभशकुन! नबीसाबांना सर्वांदेखत चॅलेंज दिलं: उद्या मैदानावर या. बटण दाबता दाबता म्हणाले, "येतो की, आबासाब."

११ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.
अख्खी गल्ली जमली. वीस मिनिटं भाषण केलं. कधीच आऊट झालो नाही, हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ताई मोठ्यानं म्हणाली, "कसा हुशील? तू कच्चा लिंबू हुतास की! लई रडायचास, म्हणून तुला कुणी आऊट धरायचंच न्हाय."
गल्ली पाच मिनिटं हसत होती. जुलेखा तर खालीच बसली.
ताईचे डोळे अधू आहेत. स्मरणशक्तीही तपासून घ्यावी.

सकाळी १०.३०.
पहिला टोला हुकला. दुसराही. वारा होता. तिसरा मात्र झकास बसला! विटी उंच गेली आणि नबीसाबांनी डाव्या हातात झेलली. उजव्या हातात यंत्र होतं.
वय बावन्न. आज पहिल्यांदा आऊट.
ताईला हळूच म्हटलं, वारा होता गं, आणखी एक डाव दे. तिनं माझ्या हातातला दांडू काढून घेतला.
"आता न्हाय बाबा. आता तू मोठा झालास."